व्हेनिसच्या दाराबाहेरच्या चपला

या धाग्यावर मी आजवर फक्त फाटे फोडायला येत असे. कोणी लिहिलं की घाटात पांढरी साडी दिसली, की खाली माझा प्रश्न ठरलेला — मागून येणाऱ्या गाडीचा हेडलाईट होता का? जुन्या मेंबरांना माझा आयडी बघूनच वैताग येत असेल. तेव्हा आज मीच अनुभव लिहायला बसलेय म्हटल्यावर तुम्ही हसणार. खुशाल हसा. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आणि यात भूत नाहीच मुळी... असतं तर एक वेळ बरं झालं असतं, निदान काहीतरी नाव देता आलं असतं.

आधी माणसं सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको.

आम्ही तेव्हा शारजात राहायचो आणि नोकऱ्या दुबईत. जे तिथे राहिलेत त्यांना सकाळचा तो ट्रॅफिक वेगळा सांगायला नको. मित्राच्या, म्हणजे मिलिंदच्या गाडीतून आम्ही चौघं रोज जायचो. मिलिंद चालवणार, शेजारी माझा नवरा अभय, मागे मी आणि गिरीश. मिलिंदची बायको शीतल शारजातल्याच शाळेत शिकवायची, त्यामुळे ती या छळातून सुटली होती. गिरीश मिरजेचा, साईट इंजिनिअर, बिनलग्नाचा. वडील लहानपणीच गेलेले, घरी एकटी आई. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तो जेवायला आमच्याकडे. आल्या आल्या दारातच विचारणार, "मानसी, आज आमटी आंबट की गोड?" आंबट असली तर खूश, गोड असली तर दोन घास जास्त जेवून वर नावं ठेवणार. असा माणूस.

आता माझं काम. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात थ्रीडी व्हिज्युअलायझर होते. म्हणजे जी इमारत अजून बांधलीच नाही तिचा हुबेहूब फोटो कॉम्प्युटरवर बनवायचा. भिंतीवरचं ऊन, खिडकीतली कुंडी, रस्त्यावरची माणसं, सगळं. २००८ च्या उन्हाळ्यात दुबईला असं काही वेड लागलं होतं की वाळूत काहीही उभं राहणार होतं. आमच्याकडे जे काम आलं ते तर कळस होतं — वाळवंटात कालव्यांचं युरोपियन शहर. होड्या, पूल, गल्ल्या... बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री आणि मी आत एसीत बसून शेवाळ रंगवतेय.

आमचा बॉस लेबनीज. त्याने सगळ्यांना बजावलं होतं, "नो कॉपी, हबीबी. क्लायंटला व्हेनिस नकोय, ॲम्स्टरडॅम नकोय. त्याला त्याचं स्वतःचं शहर हवंय." नेटवरचा फोटो समोर ठेवून काम करताना कोणी दिसलं की तो शब्दशः स्क्रीन बंद करायचा. त्यामुळे माझ्या वाट्याला आलेला तो एक कोपरा मी पूर्णपणे मनाने रचला. हे नीट लक्षात ठेवा, कारण नंतर तुम्ही तेच विचारणार आहात.

तर कोपरा असा — विटांचा एक बुटका पूल. उतरलं की कालव्याच्या कडेने चिंचोळा कट्टा, पुढे रस्ता बंद. डाव्या भिंतीत गंजलेली लोखंडी कडी आणि तिला पिवळी दोरी. गुलाबी गिलावा, खालचे पोपडे निघून आतल्या विटा उघड्या पडलेल्या. हिरव्या झडपांची खिडकी, त्यातली एक झडप बिजागरीतून निसटून तिरकी लोंबतेय. शेजारी एक ठेंगणं दार, त्याला एकच पायरी.

आणि पायरीवर चपला.

ही माझी घोडचूक. काय झालं, ते दार काही केल्या कोणाच्या घराचं वाटत नव्हतं. नाटकातल्या सेटसारखं कोरडं वाटत होतं. मग मी जे केलं ते तुमच्यापैकी कोणीही केलं असतं. आपल्याला घर म्हणजे दाराबाहेर चपला. आमच्या फुजैराच्या समुद्रावरच्या पिकनिकच्या फोटोत गिरीशच्या कोल्हापुरी वाळूत पडलेल्या होत्या. आईने मिरजेहून पाठवलेल्या, त्याला भारी अभिमान त्यांचा. काढतानाही तो अशा भिरकावायचा की डावी हमखास उजवीवर चढलेली. त्या दिवशी शीतल त्याला म्हणालीसुद्धा होती, "चपलेवर चप्पल चढलीये, प्रवास आहे रे तुझ्या नशिबात." तर त्या चपला मी फोटोतून कापल्या आणि माझ्या युरोपातल्या पायरीवर आणून ठेवल्या.

असं कापून चिकटवताना मागचा रंग कडेला चिकटून येतो. तो पुसत बसावं लागतं. मी पुसला, पण डाव्या चपलेच्या अंगठ्यावर थोडी निळी रेघ राहिली. समुद्राचा रंग उतरला असेल म्हणून मी सोडून दिली. एवढं झूम करून कोण बघतंय.

बॉसने बघितलं. निळी रेघ नाही, चपला. खुर्चीतून पुढे वाकून मला म्हणाला, "व्हॉट इज धिस? मॉस्क?" मशीद आहे का, म्हणे. सगळं ऑफिस हसलं. युरोपात लोक चपला दाराबाहेर काढत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण हाताला माहीत नव्हतं ना. मी निमूटपणे चपला काढून नवी फाईल पाठवली. चपलांवाली जुनी फाईल माझ्याकडेच पडून राहिली. ते चित्र जवळून फक्त तिघांनी पाहिलं होतं. मी, बॉस, आणि मला न्यायला आलेला अभय. गिरीशने पाहिलं नव्हतं, त्याला असल्या गोष्टींत काडीचा रस नव्हता.

मग मंदी आली. सप्टेंबरात बातम्या, नोव्हेंबरात क्रेन थांबल्या, आणि नव्या वर्षात आमचं कालव्यांचं शहर खलास झालं. आमच्या चित्रांचं ब्रोशर छापलंच गेलं नाही. गाडीत रोज एकच विषय — आज कोणाच्या ऑफिसात कोणाला बोलावलं. गिरीशची साईट बंद पडली. तिथे नोकरी गेली की व्हिसा जातो, बोऱ्याबिस्तरा आवरायला महिनाभर मिळतो. तो आम्हाला म्हणाला, "मिरजेला जातो, बघू पुढे." आम्ही त्याला निरोपाचं जेवण दिलं. आमटी आंबट केली होती.

तो मिरजेला पोचलाच नाही.

आईला त्याने फोनवर सांगितलं होतं की कंपनी युरोपात पाठवतेय, पत्ता कळवतो. त्यानंतर फोन बंद. ईमेलला उत्तर नाही. आम्ही काय काय केलं ते लिहीत बसत नाही. मिलिंद तर दुबईतल्या मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात जाऊन गिरीशच्या साईटवरच्या लोकांना भेटून आला. एक जण म्हणाला, "साब तो यूरोप बोलके गए, एजंट के साथ." कुठला एजंट, कुठला देश, कोणाला माहीत नाही.

गिरीशने आईकडे अडीअडचणीला म्हणून माझा नंबर दिलेला होता. त्यामुळे काकूंचा फोन दर शुक्रवारी मला. पहिल्यांदा रडायच्या. मग रडणं थांबलं आणि ते जास्त वाईट होतं. एकदा म्हणाल्या, "मानसी, तो गेला असेल तर तसं सांगा मला. मी करीन सहन. पण नुसतं माहीत नाही, माहीत नाही म्हणू नका गं." मी काय सांगणार? मलाही माहीत नव्हतं. इकडे मी फोन ठेवायचे आणि त्या दिवशी घरात कोणी माझ्या वाटेला जायचं नाही.

हे असं जवळजवळ तीन वर्षं चाललं.

आता व्हेनिस. २०११ ची बकरी ईद. सुट्टी जोडून आली होती, मंदीमुळे टूरवाल्यांच्या ऑफर सुरू होत्या आणि आम्हा चौघांनाही कुठेतरी पळायचं होतं. शीतल म्हणाली इटली, म्हणजे इटली. तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. सगळ्या ट्रिपमध्ये व्हेनिसला एकच दिवस होता, सकाळी ट्रेनने जायचं आणि संध्याकाळी परत.

आणि काय सांगू तुम्हाला तो दिवस. स्टेशनच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि समोर रस्ताच नाही, पाणी. बस म्हणून बोट, टॅक्सी म्हणून बोट, कचऱ्याची गाडी म्हणूनसुद्धा बोट. शीतल पायऱ्यांवरच थांबून "अगंबाई" म्हणाली आणि पुढची पाच मिनिटं काही बोलली नाही. हा विक्रम आहे. मिलिंद म्हणाला, "आपल्या दुबईच्या खाडीतल्या होड्यांसारखंच, अब्र्यासारखंच आहे की." त्यावर तिने त्याला बोटीत शेजारी बसू दिलं नाही.

सकाळी भरती जोरात होती. मोठ्या चौकात पाणी शिरलेलं, आणि लोकांना चालायला लाकडी फळ्यांचे ओटे टाकलेले. त्यावरून सगळं जग रांगेने चाललेलं, जपानी, जर्मन, आम्ही. अभय वाकून वाकून पाण्यात चर्चचं प्रतिबिंब टिपत होता, मी मागून त्याचं जॅकेट धरून. गोंडोल्याचं भाडं शीतलने आधी दिरहममध्ये केलं, मग रुपयांत, आणि जाहीर केलं की फोटो किनाऱ्यावरूनही छान येतो. काचेचे मणी घेतले, मुखवटे घालून बघितले, एका पुलाच्या पायऱ्यांवर बसून शीतलने आणलेल्या दशम्या आणि चटणी खाल्ली. बाजूच्या एका इटालियन आजींनीही घेतली, वर खूण करून चटणी पुन्हा मागितली. मी कित्येक महिन्यांत एवढी हसले नव्हते.

दुपारी पाणी उतरायला लागलं आणि आम्ही चालत स्टेशनकडे निघालो. नकाशा मिलिंदच्या हातात, म्हणजे हरवणार हे ठरलेलंच. एका गल्लीत फळ्या उचलून झाल्या होत्या, पण घोट्याएवढं पाणी अजून होतं. शीतलच्या पायात नवे कोरे बूट. ती म्हणाली, "मी यात पाय घालणार नाही. यल्ला, चला, दुसरा रस्ता शोधा." म्हणून आम्ही उजवीकडे वळलो. एवढ्याशा कारणाने.

दोन वळणं घेतली आणि समोर विटांचा बुटका पूल आला. चढून वर आले आणि मी थांबले.

आधी काय वाटलं ते खरं सांगते. भीती अजिबात नाही. आनंद झाला मला, वेडा आनंद. परदेशात अचानक आपल्या शाळेतली मैत्रीण समोर यावी तसा. मी अभयचा दंड धरला आणि म्हणाले, "अभय, हे मी काढलंय."

"काय काढलंयस?"

"हे. हा पूल, तो कट्टा. ती झडप बघ."

हिरवी झडप तिरकी लोंबत होती. गुलाबी गिलावा, खाली विटा. मी दोन पावलं मागे गेले, थोडी डावीकडे सरकले, गुडघ्यात वाकले, आणि कॉम्प्युटरवरच्या चित्रात माझा कॅमेरा जिथे लावला होता बरोब्बर तिथे आले. डाव्या भिंतीचा एक भाग आणि दाराची पायरी तेवढी वाळत घातलेल्या कपड्यांआड होती, बाकी सगळं जागच्या जागी बसलं. सावलीची तिरपी रेघसुद्धा. मी तिथेच उभी राहून खुळ्यासारखी हसत होते.

"अगं, तू कुठेतरी फोटो बघितला असशील," अभय म्हणाला. तो इंजिनिअर आहे, त्याच्याकडे उत्तर तयारच असतं. मीही त्याच पंथातली, म्हणून मला चेव चढला.

"बरं. मग आता ऐक. इथून दिसत नाहीये, पण पूल उतरलं की डाव्या भिंतीत गंजलेली कडी आहे. तिला पिवळी दोरी."

मिलिंद धावत खाली गेला. खालून त्याचा आवाज आला, "आहे. पिवळी आहे."

शीतल म्हणाली, "मानसी, पुरे. मला भीती वाटतेय." मला मात्र कोणी आवरू शकत नव्हतं. लॉटरी लागल्यासारखी मी सुटले होते. मी पूल उतरत उतरत म्हणाले, आणि हे मी निव्वळ गंमत म्हणून म्हणाले, कारण ते तिथे असणं शक्यच नव्हतं... "आणि त्या दाराच्या पायरीवर चपला असतील बघा."

होत्या.

कोल्हापुरी. डावी उजवीवर चढलेली.

मग मात्र कोणी हसलं नाही. मी पायरीपाशी उकिडवी बसले. हात लावायचं धाडस होत नव्हतं. लक्षात घ्या, त्या चपला मी दोन दिवस मोठ्या करून करून कापल्या होत्या. कुठे चामडं झिजलंय, उजव्या टाचेला कुठे फोड आहे, वेणीचा कुठला पदर सुटलाय, हे त्यांच्या मालकालाही माहीत नसेल एवढं मला माहीत होतं. त्याच चपला होत्या. आणि डाव्या चपलेचा अंगठा तुटून पुन्हा शिवलेला होता. निळ्या दोऱ्याने.

मी अभयकडे बघून म्हणाले, "या गिरीशच्या आहेत."

"कोल्हापुरी सगळ्या सारख्याच—"

"अभय, या गिरीशच्या आहेत."

शीतलने माझी बाही ओढली. "चल इथून. मला ठीक वाटत नाहीये हे." मिलिंदने सरळ पुढे होऊन दार वाजवलं. आतून कोणीतरी बादली सरकवल्याचा आवाज. दाराची आतली कडी निघाली.

दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पोछा. आमच्याकडे बघितलं त्याने. चौघांकडे, एकेक करून. आणि म्हणाला, "बूट बाहेर काढून या. आत्ताच फरशी पुसलीये."

देवाशपथ हेच म्हणाला. मग त्याच्या हातातला पोछा खाली पडला.

पुढचा अर्धा तास कोण रडत होतं आणि कोण शिव्या देत होतं ते सांगता येणार नाही. शिव्या बहुतेक मी देत होते. त्याची कहाणी ऐकली तर साधीच आहे, म्हणूनच जास्त राग आला. एजंटने इटलीत साईट सुपरवायझरची नोकरी सांगितली होती. इथे आल्यावर नोकरी नाही, एजंट नाही, पासपोर्टही एजंटने घेतलेला. एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी धुण्याचं काम मिळालं. फोन चोरीला गेला. आईला मोठ्या तोंडाने बढती म्हणून सांगून बसलेला, आता काय सांगणार?

"पहिल्या महिन्यात फोन केला नाही," तो म्हणाला. "मग दुसऱ्या महिन्यात, पहिल्या महिन्यात का नाही केला हे सांगावं लागणार म्हणून नाही केला. असं वाढतच गेलं. मला वाटलं, आईला वाटत असेल मी मजेत आहे."

"मजेत?" मी म्हणाले. "तुझी आई मला विचारते, तो मेला असेल तर सांगा म्हणून. मजेत म्हणे."

त्याला हे खरंच माहीत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आता तुमचे प्रश्न, मला माहीत आहेत, मीही तेच विचारले. ती खोली त्याने घेऊन आठवडाच झाला होता. आधी तो बाहेर, स्टेशनपलीकडे चार बांगलादेशी पोरांबरोबर राहायचा. ही खोली भरतीचं पाणी आत येतं म्हणून कोणाला नको होती, त्याला मिळाली. आणि चपला? "एवढ्या थंडीत कोल्हापुरी घालतो का रे तू?" शीतलने विचारलं. तर नाही. आल्यावर वर्षभर खोलीत घातल्या, अंगठा तुटला तेव्हा एका कोळ्याकडून जाळ्याचा निळा दोरा घेऊन शिवला, आणि मग बॅगेत टाकून दिल्या. घातल्या की घर आठवायचं म्हणाला. त्या दिवशी सकाळी खोलीत पाणी शिरलं, बॅग भिजली, म्हणून त्याने चपला काढून पायरीवर उन्हात ठेवल्या होत्या. तासाभरापूर्वी.

म्हणजे शीतलने जुने बूट घातले असते तर आम्ही त्या पाण्यातून सरळ स्टेशनवर गेलो असतो.

शारजाला परत आल्यावर सामानही न उघडता मी जुनी हार्ड डिस्क लावली. चपलांवालं चित्र उघडलं, डाव्या चपलेवर झूम केलं. मी ज्याला समुद्राचा रंग समजून सोडलं होतं ते टाके आहेत. निळे, आडवे, शेवटचा जरा वाकडा. शेजारी फुजैराचा मूळ फोटो उघडला. त्यात अंगठा धड आहे. शिवलेला नाही, निळं तिथे काही नाही, आणि समुद्र तर मागच्या बाजूला आहे, त्याचा रंग तिथे येण्याचं कारणच नाही. २००८ च्या उन्हाळ्यातलं चित्र. तेव्हा ती चप्पल तुटलेली नव्हती. गिरीशच्या डोक्यात इटली नव्हती. मंदीसुद्धा नव्हती.

अभयने ते चित्र बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "फाईल कोणी बदलली असेल." कोणी? ती डिस्क आमच्या कपाटात होती. मग त्याने तो विषय काढणं सोडलं. बॉस आता बैरूतला असतो, त्यालाही फोन करून विचारलं की तेव्हा चुकून एखादा फोटो टेबलावर असेल का. तो म्हणाला, "हबीबी, मी असताना?" आणि हे खरं आहे, तो असताना शक्यच नव्हतं. एका मानसशास्त्रवाल्या मैत्रिणीने सांगितलं, लहानपणी कॅलेंडरवर वगैरे ती जागा पाहिली असशील. मान्य. पूल पाहिला असेन, झडप पाहिली असेन, दोरी पाहिली असेन. टाके कुठे पाहिले?

फाटे फोडणारी मीच, मलाच कुठून फोडायचा ते सापडत नाहीये. तुमच्यापैकी कोणाला सापडला तर जरूर लिहा, मी राग मानणार नाही. फक्त "तू खोटं बोलतेस" एवढं म्हणू नका.

पण मला जे लिहायचं होतं ते खरं तर हे नाही. ते त्या दुपारचं आहे.

गिरीश फोन करायला तयार नव्हता. "उद्या करतो," म्हणाला, "आधी काय बोलायचं ते ठरवतो." मिलिंदने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला कट्ट्यावर बसवलं. मी माझ्या मोबाईलवरून नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या मांडीवर ठेवला. मिरजेत संध्याकाळ झाली असणार. बराच वेळ रिंग वाजत राहिली.

"हॅलो. मानसी? आज कसा काय गं फोन? आज शुक्रवार नाही."

मी गिरीशच्या पाठीत एक बुक्की घातली.

"आई," तो म्हणाला.

पलीकडे काहीच नाही. कालव्यातून एक बोट गेली, तिच्या लाटा पायरीला लागून थांबल्या, तरी काही नाही.

"आई, मी आहे."

"थांब," काकू म्हणाल्या. अगदी शांत आवाजात. "ठेवू नकोस. गॅस बंद करून येते."

आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आम्ही पाचही जण त्या फोनकडे बघत बसलो. आधी कुकरची शिट्टी झाली, म्हणजे गॅस काही बंद झालेला नव्हता. मग लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा एक आवाज आला. हुंदका म्हणावा तर तो फार मोठा होता. तोंडात पदर कोंबून रडल्यासारखा. तो किती वेळ चालला मला सांगता येणार नाही. गिरीशने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. शीतल पाण्याकडे तोंड करून उभी होती.

मग नळ सुरू झाला. कोणीतरी तोंडावर पाणी मारलं. नळ बंद झाला. चपलांशिवायची, अनवाणी पावलं जवळ आली आणि रिसीव्हर उचलला गेला.

"हं, बोल," काकू म्हणाल्या, आवाज स्वच्छ. "कधी निघतोयस?"